तिसऱ्या वर्षाला आहे कॉम्प्युटरला, एआय आमच्या नोकऱ्या खाणार का? खरं खरं सांगा

तासगावची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगलीत विश्रामबागला रूम करून राहते, गाव तासगाव तालुक्यात. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे, आम्ही बेदाणाच करतो. वडिलांनी माझ्यासाठी शिक्षण कर्ज काढलंय आणि त्याचे हप्ते माझं शिक्षण झालं की सुरू होणार आहेत, म्हणून विचारतेय, टाईमपास म्हणून नाही.

झालं काय, या सेमिस्टरला आम्हा चौघींचा प्रोजेक्ट होता बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजचा. म्हणजे शेतकऱ्याने किती बॉक्स ठेवले, कुठल्या तारखेला, कुठला लॉट, सौद्याला किती काढले, भाडं किती झालं, पावती वगैरे. साडेतीन महिने घातले त्याच्यात, रात्री एक एक वाजेपर्यंत बसलोय, रूमवर भांडणं सुद्धा झाली. सबमिशन झाल्यावर मी सहज म्हणून तेच सगळं मराठीत टाईप करून एआयला दिलं आणि वीसेक मिनिटात त्याने स्क्रीन, डेटाबेस, पावतीची पीडीएफ सगळं उभं केलं. आमच्यापेक्षा चांगलं दिसत होतं. पोटात गोळाच आला माझ्या. बाकीच्या तिघींना अजून सांगितलेलं नाही.

मामा म्हणतोय एमपीएससी कर. सीनियर म्हणतात यंदा कॅम्पसला कंपन्याच कमी आल्या. सर म्हणतात काही होत नाही, अभ्यास करा. कुणाचं धरायचं कळत नाहीये. जे प्रत्यक्ष या लाईनमध्ये काम करतात त्यांनी सांगा, डेव्हलपर लागणार आहेत का पुढं, आणि लागणार असतील तर मी आत्ता नेमकं काय शिकू?

---

कीर्द_खतावणी

ताई, मी सांगलीतच आहे, १९ वर्षं झाली पतसंस्था आणि दूध संस्थांची सॉफ्टवेअरं करतोय. माझ्याकडं चार माणसं आहेत. तुझ्या पोटात जो गोळा आला तो मला दोन वर्षांपूर्वी आला होता, त्यामुळं तुला उगाच धीर देत नाही, जे बघितलंय ते सांगतो.

एका पतसंस्थेचा प्रोग्राम फॉक्सप्रोत (मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेसचं सॉफ्टवेअर) होता, २००३ साली कुणीतरी लिहिलेला, लिहिणारा माणूस गाव सोडून गेलेला. फॉक्सप्रोचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ लाच बंद केलाय, तरी आपल्या भागात अजून चालू आहेत असले प्रोग्राम. ते नवीन सिस्टीमवर आणायचं काम. आतली नावं बघितली तर एम१, एम२, जे१ अशी, कशात काय आहे काही पत्ता नाही. पूर्वी असलं काम मी चार महिन्यांचं धरलं असतं. एआयला फाईली दिल्या, त्याने एकेक वाचून सांगितलं की हे व्याज आहे, हा थकबाकीचा हिशोब आहे, इथं पिग्मी एजंटाचं कमिशन काढलंय. पाच आठवड्यात काम उरकलं. म्हणजे कोड लिहिण्याचं काम गेलं का, तर हो, माझ्या ऑफिसमधून बऱ्यापैकी गेलं. हे आधी मान्य करून पुढं बोलू.

आता दुसरी बाजू. सगळं झालं, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) पास, संस्थेला दाखवायला घेऊन गेलो. सहामाही व्याजाचा आकडा काढला आणि तिथल्या ज्या क्लार्क काकू आहेत, वीस पंचवीस वर्षं त्याच टेबलावर, त्यांनी कागदाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं व्याज होत नाही हो आमचं कधी." बस एवढंच. कॅल्क्युलेटर पण घेतला नाही हातात.

मी म्हटलं मशीन चुकत नाही. घरी येऊन रात्री एकेक खातं बघत बसलो. निघालं असं, की त्या संस्थेच्या नियमात बचत खात्याचं व्याज जुन्या पद्धतीने आहे, महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. बँकांनी ही पद्धत सोडली, रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज द्यायला लावलं. एआयने सगळीकडं जे चालतं तेच लिहिलं, रोजच्या शिलकेवर. आता हिशोब बघ. खात्यावर ५०,००० आहेत, माणसाने २० तारखेला ४५,००० काढले, महिना ३० दिवसांचा, दर ४ टक्के. रोजच्या शिलकेने त्या महिन्याचं व्याज होतं ११० रुपये. संस्थेच्या नियमाने होतं १६ रुपये ६७ पैसे. एका खात्याला, एका महिन्याला एवढा फरक. तिथं खाती तीन हजारांवर.

आणि टेस्ट पास का झाल्या? कारण टेस्ट पण एआयनेच लिहिल्या होत्या, त्याच समजुतीवर. चूक आणि चूक तपासणारा दोघं एकाच डोक्यातले. हे मला त्या दिवशी समजलं आणि तेव्हापासून माझ्याकडं नियम आहे, उत्तर काय यायला पाहिजे ते माणसाने आधी कागदावर हाताने काढायचं, मगच कोड चालवायचा.

तुझ्या प्रोजेक्टचंच घे. एआयने कोल्ड स्टोअरेजचं भाडं कसं धरलं ते बघितलंस का? महिना अर्धवट राहिला तर पूर्ण भाडं की दिवसांवर? सौद्याला नमुना नेला आणि माल परत आला तर? एकाच शेतकऱ्याचा माल दोन भावांच्या नावाने असेल आणि पावती वडिलांच्या नावाने? तुझ्या घरी हे सगळं रोज बोललं जातं. त्याला कुणी सांगितलंय?

---

कराडकर_पुण्यात

वरच्या दादांचं पटलं, पण पुण्यातलं चित्र पण माहिती असू द्या, कारण कॅम्पसमधून मुलं तिकडंच जातात. मी मूळचा कराडचा, हिंजवडीला ११ वर्षं आहे.

वेग बघा आधी. गिटहब कोपायलट, म्हणजे कोड लिहायला मदत करणारं एआय टूल, २०२१ ला आलं तेव्हा ते पुढच्या ओळी, फार तर एखादं फंक्शन सुचवायचं. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एसडब्ल्यूई-बेंच नावाची परीक्षा आली, त्यात खऱ्याखुऱ्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टमधले २,२९४ बग एआयला सोडवायला दिले होते, आणि त्यावेळच्या सगळ्यात चांगल्या मॉडेलला २ टक्के पण जमले नाहीत. पुढं त्यातलेच ५०० प्रश्न माणसांनी तपासून वेगळे काढले आणि २०२५ मध्ये त्याच्यावर मॉडेलं ७० टक्क्यांच्या वर गेली. ऑक्टोबर २०२४ लाच गूगलचे सुंदर पिचई म्हणाले होते की आमचा नवीन कोड पाव हिस्स्यापेक्षा जास्त एआय लिहितं आणि इंजिनिअर तो तपासून घेतात. त्यामुळं "त्याला काय जमतंय" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, दोन वर्षांपूर्वी जमत नव्हतं ते आज जमतंय.

पण उलटा पण एक प्रयोग झालाय, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. एमईटीआर म्हणून एक संस्था आहे अमेरिकेत, त्यांनी २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरना त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टवर २४६ कामं दिली, काही एआय घेऊन, काही एआयशिवाय. एआय घेऊन काम करताना वेळ १९ टक्के जास्त लागला. आणि गंमत नाही, काळजीची गोष्ट ही की संपल्यावर सुद्धा त्यांना वाटत होतं आपण २० टक्के लवकर केलं. मी स्वतः हे अनुभवलंय, समोर भराभरा कोड येताना काम पळतंय असंच वाटतं, आणि मग दुपारी तोच कोड वाचून समजून दुरुस्त करण्यात दिवस जातो. अर्थात तेव्हापासून टूल्स पुढं गेलीत, आणि नव्या छोट्या प्रोजेक्टला हे लागू होत नाही, तिथं एआय खरंच पळतं.

आता कटू भाग. माझ्या टीमला दरवर्षी पाच सहा फ्रेशर मिळायचे, गेल्या वर्षी एक मिळाला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी बघून २०२५ ला सांगितलं की २२ ते २५ वयाच्या डेव्हलपरच्या नोकऱ्या २०२२ च्या शेवटापासून जवळजवळ २० टक्क्यांनी घटल्या, वयाने मोठ्यांच्या तशा घटल्या नाहीत. आपल्याकडं टीसीएसने जुलै २०२५ मध्ये जवळपास १२,००० माणसं कमी करणार म्हणून सांगितलं, साधारण २ टक्के, त्यांनी कारण एआय नाही असं सांगितलं आणि तिथं फटका मधल्या आणि वरच्या लोकांना जास्त होता. म्हणजे सगळं एआयवर ढकलता येत नाही, कोरोनात भरमसाठ भरती झाली होती तिचा पण हिशोब आता चुकता होतोय. पण नवीन मुलांचं दार किलकिलं झालंय हे खरं आहे आणि ते तुला कुणीतरी सरळ सांगायलाच पाहिजे.

---

वाळव्याचा_वाघ

मी २०२४ चा पासआऊट. ऑफर लेटर होतं हातात, जॉईनिंगची तारीख तीनदा पुढं ढकलली आणि चौथ्यांदा मेल आला की सध्या गरज नाही. १४ महिने घरी बसलो. गावात कुणी विचारलं काय करतोस तर दुसऱ्या गल्लीनं जायचो. त्यामुळं वरच्या अनुभवी लोकांना एक विचारायचंय, राग मानू नका. तुम्ही म्हणता व्याजाचा नियम माहिती पाहिजे, धंदा समजला पाहिजे, बरोबर आहे, पण तुम्हाला तो समजला कारण कुणीतरी तुम्हाला पहिल्या दोन वर्षांत बारीकसारीक कामं दिली आणि चुकू दिलं. ती बारीकसारीक कामंच आता एआय करतंय. मग आम्ही शिकायचं कुठं? पायरीच काढून घेतल्यावर माडीवर कसं चढायचं?

आता काम आहे मला, एका छोट्या फर्ममध्ये, साखर कारखान्याच्या काट्याचं. काट्याचं वजन केबलने कॉम्प्युटरला घ्यायचं आणि पावती काढायची. कोड एआयनेच लिहिला, तासाभरात. ऑफिसमध्ये एकदम ओके. काट्यावर गेलो तर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढला, ड्रायव्हरने ब्रेक मारला, ट्रॉल्या अजून हलतायत आणि प्रोग्रामने वजन घेऊन पण टाकलं. परत घेतलं तर १८० किलोचा फरक. शेतकरी तिथंच उभा. काटामारीवरनं आपल्याकडं लोक किती पेटतात ते सांगायला नको, तो काय बोलला ते इथं लिहीत नाही पण त्याचं चुकलं नव्हतं, वर्षभराचा घाम आहे त्याचा त्या काट्यावर.

दोन दिवस काट्यावर उभा राहिलो, रात्रपाळीला पण. येणारा सगळा डेटा फाईलमध्ये साठवून वाचत बसलो. तेव्हा दिसलं की काट्याचं मशीन एका सेकंदात कितीतरी वेळा वजन पाठवतं आणि वजन स्थिर झालं की त्याच ओळीत एक वेगळं अक्षर येतं. कोड पहिली आलेली ओळ उचलत होता. ते अक्षर बघून मगच वजन घ्यायचं, एवढीच दुरुस्ती, चार ओळींची. ती पण एआयनेच लिहून दिली, पण काय विचारायचं ते मला काट्यावर उभं राहून कळलं.

म्हणून ताई तुला सांगतो, माझ्यासारखं ऑफर लेटरच्या भरवशावर बसू नको. पण माझा वरचा प्रश्न तसाच आहे.

---

मिरज_जंक्शन

मी या लाईनमधली नाही, बँकेतून निवृत्त झाले. पण वाळव्याच्या मुलाचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमच्या बँकेत कॉम्प्युटर यायचे होते तेव्हा आम्ही युनियनमध्ये होतो, घोषणा दिल्यात, बिल्ले लावून कामावर गेलोय. बँकांत कॉम्प्युटर आणण्याबद्दलचा १९८४ चा रंगराजन समितीचा अहवाल आम्ही शत्रूसारखा वाचला होता. आमची भीती हीच होती, मशीन आलं की आपण घरी. पुढं काय झालं ते नीट ऐका, कारण लोक अर्धंच सांगतात. लोक म्हणतात बघा, कॉम्प्युटर आले आणि कुणाची नोकरी गेली नाही. माझी खरंच गेली नाही. लेजर लिहिणारी मी, मला कॉम्प्युटर शिकवला, चांगलं झालं माझं. पण आमच्या शाखेत त्यानंतर कितीतरी वर्षं नवीन क्लार्क आलाच नाही. निवृत्त झालेल्याची खुर्ची तशीच रिकामी राहायची, मग एक दिवस खुर्ची पण उचलून नेली. काढलं कुणालाच नाही, घेतलंही कुणाला नाही. ज्यांना घेतलं नाही त्यांची नावं कुठल्या यादीत नसतात, त्यामुळं ते कुणाला दिसत नाहीत. माझ्या धाकट्या दिराने बँकेच्या परीक्षेची तयारी केली होती त्या काळात. त्याने शेवटी दुकान टाकलं.

तेव्हा बाळा, तू म्हणतोस ते खरं आहे. आमच्यासारख्या खुर्चीवर बसलेल्यांनी "काही होत नाही" म्हणू नये. नोकरीवर आहेत त्यांनी एखाद्या तरी मुलाला हाताखाली घेतलं पाहिजे, फायदा असो नसो.

आणि क्लार्क काकूंचं वाचून फार बरं वाटलं. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची बेरीज, जुळेना की आम्ही रात्री नऊ नऊ वाजेपर्यंत बसायचो. फरकाला नऊने भाग जातो का बघायचं, जात असेल तर कुठंतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५. असली नजर बसून बसूनच येते.

---

कृष्णाकाठ_९१

एमपीएससीबद्दल एकच. मी चार वर्षं पुण्यात राहून केलीय. जागा किती आणि फॉर्म किती ते आधी बघ. एआयच्या भीतीने तिकडं जायचं असेल तर जाऊ नको. मनापासून प्रशासनात जायचं असेल तर जरूर जा.

---

तासगावची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, परत परत वाचलं. काल रविवारी गावी गेले होते, लॅपटॉप घेऊन. एआयने केलेला प्रोग्राम वडिलांना दाखवला, शेजारचे काका पण आले, त्यांचा माल दरवर्षी कोल्ड स्टोअरेजला असतो. पहिल्या पाच मिनिटांतच काका म्हणाले हे भाडं चुकतंय. त्याने महिन्याला दर धरून दिवसांवर भागलंय, आणि काकांच्या इथं महिना सुरू झाला की पूर्ण महिना धरतात. मग त्यांनी विचारलं, मी माल ठेवून त्याच्यावर उचल घेतलीय ती कुठं दिसते? ती कुठंच नव्हती. एआयच्यात पण नव्हती आणि आमच्या प्रोजेक्टमध्ये पण नव्हती. साडेतीन महिने आम्ही चौघी बसलो आणि एकदाही कुणाला जाऊन विचारलं नाही, आणि माझ्या घरापासून काकांचं घर तीस पावलांवर आहे. याचं मला एआयपेक्षा जास्त वाईट वाटलं.

एक शंका. मग डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, हाताने कोड लिहिणं हे सगळं सोडून द्यायचं का? वर्गात निम्मे जण असाइनमेंट एआयकडूनच करतात आणि त्यांना मार्क पण जास्त पडतात.

---

कीर्द_खतावणी

अजिबात सोडू नको. वाळव्याच्या दादाने काट्यावरचा डेटा वाचला तो वाचता येत होता म्हणून. माझ्याकडं गेल्या वर्षी एक मुलगा आला होता, एआयकडून पटापट करायचा, हुशार होता, पण दोन एंट्री एकाच वेळी पडल्या आणि शिल्लक चुकली की का चुकली हे त्याला शोधताच येईना. एआयला विचारायचा, ते काहीतरी बदलून द्यायचं, चूक दुसरीकडं जायची, परत विचारायचा. तीन दिवस असंच. कोड वाचायची सवय हाताने लिहिल्याशिवाय लागत नाही, निदान मला तरी दुसरा रस्ता माहिती नाही. असाइनमेंट आधी स्वतः कर, मग एआयकडून करून घे, दोन्ही शेजारी ठेव आणि फरक का आहे ते त्यालाच विचार. डेटाबेस पक्का कर. मार्क थोडे कमी पडले तर पडू देत, हे मी जबाबदारीने सांगतोय.

आणि वाळव्याच्या दादाच्या प्रश्नाला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. मिरजेच्या ताईंचं वाचून दोन दिवस डोक्यात तेच होतं. गेल्या दोन वर्षांत मी पण नवीन मुलगा घेतला नाही, काम चौघांत होत होतं म्हणून. ते चुकलं माझं. पुढच्या महिन्यात आणखी एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं काम सुरू होतंय. सभासदांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, ती युनिकोडला (आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नेताना जोडाक्षरं फुटतात, एआयने मागच्या वेळी क्षीरसागरांचं आडनाव तीन प्रकारे केलं होतं. नावं तपासायची, व्याज हाताने काढायचं, तेरीज जुळवायची. पगार फार देऊ शकत नाही पण फुकट कुणाला राबवत नाही. ताई, दर शनिवारी येणार असशील तर ये. वाळव्याचे दादा, तुम्हाला काट्याचं काम सोडायला सांगत नाही, पण संध्याकाळी फोनवर बोलू, संस्थेच्या दूध काट्याचं एक काम पडून आहे.

---

वाळव्याचा_वाघ

दादा मेसेज केलाय. दूध काट्याला फॅट मशीन पण जोडायचंय का? असेल तर मशीनची कंपनी आणि मॉडेल सांगून ठेवा, मी आधी एकदा संकलनाच्या वेळी पहाटे येऊन बघतो.

---

तासगावची_लेक

मी येते शनिवारी. माझ्या प्रोजेक्टमधली अजून एक मैत्रीण येते म्हणतेय, तिला पण सांगितलं शेवटी सगळं. लॅपटॉप आणू का? आणि डेटा पेनड्राईव्हवर मिळेल का म्हणजे रूमवर पण बघता येईल.

---

कीर्द_खतावणी

दोघी या. डेटा बाहेर जात नाही, सभासदांचे पैसे आहेत ते, आणि कुठल्या एआयमध्ये पण टाकायचा नाही, तिथंच बसून बघायचा. लॅपटॉप राहू दे. वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर आणा. अकराला काकू मोकळ्या असतात.